भरलेली पेटी

गेल्या श्रावणातली गोष्ट. शाळा सुटल्यावर कार्यालयात बसून शिक्षण खात्याकडे ई-मेलने माहिती पाठवीत होतो. इतक्यात एक इंग्रजी पत्र आले : 'आपली पत्रपेटी भरली आहे. चोवीस तासांत पडताळणी न केल्यास सर्व पत्रे नष्ट होतील.'

मन चरकले. त्या पेटीत माझ्या दिवंगत दादांची चाळीसेक पत्रे होती. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर; मध्ये राज्याची सीमा. निवृत्तीनंतर संगणक शिकलेले दादा तेथून दर रविवारी मला पत्र लिहीत. ती जातील या भयाने, 'आधी नीट वाचा, मग लिहा' असे मुलांना जन्मभर बजावणारा मी, पाठविणाऱ्याचा पत्ताही न पाहता पासवर्ड लिहून मोकळा झालो!

अर्ध्या तासात दुसरे पत्र आले : 'नव्या यंत्रावरून आपल्या खात्यात प्रवेश झाला आहे. तो आपणच केला काय?' आता मला हेही खोटे वाटू लागले. दादांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, पत्रातल्या कोणत्याच दुव्यावर बोट ठेवू नका. स्वतः खाते उघडा आणि सुरक्षेच्या पानावर पाहा." तसे केले. इशारा खराच होता. पासवर्ड बदलला, अनोळखी यंत्राला बाहेर काढले आणि प्रवेशासाठी दुसऱ्या पायरीची पडताळणीही सुरू केली.

मग पेटी पाहिली. १५ जीबीपैकी १४ खरोखरच भरले होते; खोट्या पत्रात खरे होते ते एवढेच. पेटी भरली म्हणजे पत्रांची ये-जा थांबते. जुनी पत्रे एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. जागा व्यापली होती ती स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनी आणि 'शुभ प्रभात'च्या चित्रांनी. दादांची सारी पत्रे मिळून मोबाईलवरच्या एका छायाचित्राइतकीही जागा घेत नव्हती! चित्रफिती काढून टाकल्या. पत्रांची एक छापील प्रत मात्र कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुलांना माझी ही फजिती सांगितली. मुले हसली. मी त्यांना हसू दिले. त्यांच्याही घरी मोबाईल आहेत, आणि असे भय दाखविणारे पत्र उद्या त्यांच्या आईवडिलांनाही येईल. तेव्हा घरात कुणालातरी हेडमास्तरांची फजिती आठवावी.