टोळीच्या तेलाचा साबण

मोहाच्या बियांचे म्हणजे टोळीचे तेल हे पूर्व विदर्भात घरगुती साबणासाठी सर्वांत हाताशी असलेले तेल आहे, आणि तेच सर्वांत हट्टी आहे. भिवापूर-पवनीच्या पट्ट्यात पावसाच्या तोंडावर टोळी पडते. ती वेचून, फोडून, वाळवून घाण्यावर जाईतो श्रावण लागतो. या तेलाला जड, किंचित कडसर वास असतो. लहानपणी भेगाळलेल्या टाचांना ज्याने हे तेल लावून घेतले आहे, त्याला तो पन्नास वर्षांनीही ओळखू येतो. शहरातल्या दुकानात मोहाच्या साबणाची वडी सहज नाकाशी नेली, तरी गाव पुढे उभे राहते. हा वास साबणात मोडायचा की राहू द्यायचा, इथेच करणाऱ्याची परीक्षा असते. बाकीचे काम तराजू करतो.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांची पाण्यात गाठ पडली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. खोबरेल फेस देते, टोळीचे तेल वडीला घट्टपणा आणि मऊ साय देते, आणि थोडेसे एरंडेल तो फेस टिकवते. २५० ग्रॅम टोळीचे तेल, २०० ग्रॅम खोबरेल आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतले, तर सोडा सुमारे ७३ ग्रॅम आणि पाणी १६५ ग्रॅम लागते. हा सोडा हिशेबापेक्षा पाच टक्के कमीच धरलेला आहे. तेवढे तेल वडीत मोकळे राहते आणि कातडी कोरडी पडत नाही. इथे वाटी-चमच्याचे माप चालत नाही. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा नसेल, तर साबण करू नये.

क्षाराच्या बाबतीत विदर्भ जुना श्रीमंत आहे. ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना अबुल फजलने लोणारची नोंद केली, तेव्हा काच आणि साबण यांना लागणारा माल तिथे मिळतो हेही लिहिले. लोणार सरोवराच्या काठावर उन्हाळ्यात सुकून राहणाऱ्या त्या क्षारात मुख्यतः सोडियम कार्बोनेट असते. ते एकटे तेलाशी नीट जुळत नाही. त्यात भिजवलेला चुना मिसळावा लागतो, मग खाली खडू बसतो आणि वर कॉस्टिकचे पाणी राहते. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्या संघाच्या जे. सी. कुमारप्पांनी तिथल्या मगनवाडीत ज्या उद्योगांचा पाठपुरावा केला, त्यांत साबणही होता. खाण्याचे तेल माणसांना मिळावे आणि साबणाला न खाण्याचे तेल वापरावे, असा तो सरळ विचार होता. टोळी, करंजी, लिंबोळी ही सगळी तेले त्यात बसतात.

आता कृती. सोडा पाण्यात घालावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि हातमोजे घालून हे काम अंगणात, वारा पाठीशी घेऊन उभे राहून करावे, मुले-मांजरे आत कोंडून. पाणी क्षणात कढत होते. ते आणि तेल दोन्ही हाताला कोमट लागेल इतके निवले की एकत्र करून घुसळावे. मिश्रण आधी ढगाळ होते, मग दाट होत जाते, आणि रवी उचलल्यावर पडलेली धार वर रेघ धरून राहिली की ते साच्यात ओतण्याजोगे झाले. बाजारात मिळणारा तयार साबणाचा ठोकळा वितळवून, रंग ओतून ‘हातचा साबण’ म्हणणाऱ्यांनी ही रेघ कधी पाहिलेली नसते. त्यांनी मेणबत्त्या कराव्यात, काही बिघडत नाही.

रंग धार दाट होत असतानाच घालायचा असतो, आणि इथे स्वयंपाकघर दगा देते. पिवळ्या वडीच्या आशेने हळद घातली, तर ती क्षारात पडता क्षणी विटेसारखी लाल होते; कुंकू करताना हळद लाल होते ती याच गुणाने. मुरता मुरता ती तांबूस-नारिंगीवर येते आणि उजेडात विटते. बिटाचा रंग तर तपकिरी होऊन संपतो. पळसफुलांचे पाणी क्षारात आधी छान गडद होते, पण टिकत नाही. टिकतो तो मातीचा रंग. गेरू वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि जुनी नीळ क्षाराला अजिबात भीत नाही. राहिली भिवापुरी मिरची. तिचा लाल रंग तेलात उतरतो खरा, पण त्याच्याबरोबर तिखटही उतरते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या मिरचीने वरणाच्या फोडणीतच राहावे, हे उत्तम.

वासाचे तेल सगळ्यांत शेवटी, एकूण तेलाच्या तीन टक्क्यांच्या आसपास घालावे. लिंबा-संत्र्याचा वास महिन्याभरात उडतो. लवंगेचे तेल मिश्रणाचा हातातच दगड करते. वाळा खोल बसतो आणि टोळीच्या वासाशी भांडत नाही, पण तो महाग असतो. पूर्वी दिवाळीची एक वासाची वडी आणली की ती आधी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत राहायची आणि मग मोरीत यायची. त्या वडीवर हमखास गुलाबाचे चित्र असे. खऱ्या गुलाबाचे अत्तर साबणात कुणाला परवडते? त्याची जागा रोशा गवत घेते. सातपुड्याच्या उतारांवर आणि खानदेशात या गवताची भट्टी लागत असे. एकोणिसाव्या शतकात ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जायचे आणि तिथून बल्गेरियाच्या महागड्या गुलाब-अत्तरात गुपचूप मिसळले जायचे. युरोपातल्या उमरावांनी आपल्या डोंगरांवरचे गवत गुलाब म्हणून हुंगले आणि आपण मात्र कारखान्यातल्या गुलाबावर खूश राहिलो. रोशाचे तेल क्षारात टिकते, त्याला गोडसर गुलाबी वास असतो, आणि टोळीला झाकू शकणारे तेवढेच एक आहे. तेही पुरते नाही. हात धुऊन तासाभराने नाकाशी नेला, तर गुलाब गेलेला असतो आणि टोळी असते.

एक-दोन दिवसांनी वड्या कापून सुट्या मांडाव्यात आणि सहा आठवडे मुरू द्याव्यात. तेवढ्यात उरलेला सोडा तेलाशी पुरता मिटतो, पाणी उडते आणि वडी कडक होते. कारखान्यात बहुधा काढून घेतले जाणारे ग्लिसरीन या वडीत राहते आणि ते हवेतला ओलावा ओढते, म्हणून भाद्रपदाच्या दमट दिवसांत वड्यांना घाम फुटतो. त्या पंख्याखाली ठेवाव्यात, डब्यात कोंडू नयेत. वड्या विकायच्या असतील, तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो. घरच्या वापराला लागत नाही. श्रावणात घाण्यावरून आलेल्या तेलाचा साबण नरकचतुर्दशीच्या आंघोळीला हवा असेल, तर तो पितृपक्ष लागण्याआधी साच्यात पडला पाहिजे.