कोर्लईची वाट

धर्मगुरुपदाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ग्रीसची बेटे पाहावीत, अशी आमची जुनी मनीषा होती. संत पौल आपल्या तिसऱ्या प्रवासाहून परतताना लेस्बोस, खिओस, सामोस, कोस, ऱ्होडस या बेटांवरून गेला. भाड्याची मोटार घेऊन आपणही त्यांतील दोन-तीन बेटे हिंडावीत, असा बेत होता. परंतु हृदयाच्या दुखण्याने विमानप्रवास वर्ज्य ठरला. मग आम्ही आणि आमचे एक गुरुबंधू यांनी मोटार भाड्याने घेतली खरी, पण ती पेणला!

नागोठण्यावरून रोहा गाठले. पुढे कुंडलिका नदीच्या सोबतीने पश्चिमेला निघालो. जिथे ती सागराला मिळते, तिथे कोर्लईचा डोंगर बेटासारखा समुद्रात घुसला आहे. माथ्यावर पोर्तुगीज किल्ला, पायथ्याशी गाव. 1739 साली वसई पडली, 1740 साली चौलचा मुलूखही मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज गेले. मात्र कोर्लईची ख्रिस्ती वस्ती राहिली आणि तिची पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोलीही राहिली. गावकरी तिला 'नॉ लिंग' म्हणतात. म्हणजे आपली भाषा.

माउंट कार्मेल मातेच्या चर्चपासून जवळच एका ओटीवर आजीबाई बसल्या होत्या. नातवाला त्यांनी बोलीतून काही सांगितले. त्याने मराठीतून उत्तर दिले.

आजी हसून म्हणाल्या, "फादर, त्याला कळतं सगळं. पाहुण्यांपुढं बोलायची लाज वाटते."

आम्हांला मात्र हसू आले नाही. आमचे घर वसईचे, घरची बोली सामवेदी. सेमिनरीतून पहिल्या सुट्टीत आम्ही काही मित्रांना घरी नेले होते. आई नेहमीप्रमाणे बोलीतून बोलली आणि आम्ही तिला शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर दिले. तिने ते ओळखले. तेव्हापासून आज पस्तीस वर्षे ती माउली आमच्याशी शब्द जुळवीत, अडखळत शुद्ध बोलत आली आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या भाषेत संदेश ऐकू आला, हे प्रवचन आम्ही दरवर्षी देतो. आणि जिने आम्हांला पहिला शब्द दिला, तिचीच जीभ आम्ही बांधून ठेवली होती!

परतताना पेणला आईसाठी पोहे आणि पापड घेतले. दुकानाच्या पायरीवरूनच तिला फोन लावला आणि बोलीत विचारले, जेवलीस का? शब्द गंजले होते. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना. मग आई बोलू लागली ती थांबेचना. शेजारणीचे भांडण, विहिरीचे पाणी, गुडघ्याचे दुखणे, पस्तीस वर्षांचे साठलेले सारे. गुरुबंधू मोटारीत मुकाट्याने वाट पाहत राहिले.

ग्रीसची बेटे राहिली ती राहिली. वाचकहो, येती सुट्टी आम्ही घरच्या ओटीवर घालविणार आहोत.