काढलेल्या नळ्या

२००७ च्या मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा परत केल्यावर, मी माझ्या १९९४ च्या मारुती ८०० चे बॉनेट उघडले आणि आतील दृश्य पाहून अस्वस्थ झालो. कार्ब्युरेटरभोवती काळ्या रबरी नळ्यांचे जाळे होते. काही नळ्या कडक झालेल्या, काहींना भेगा पडलेल्या. भाषेच्या अध्यापकाला फापटपसारा सहन होत नाही. ज्याचे प्रयोजन कळत नाही ते अनावश्यक, असा निष्कर्ष काढून मी त्यांतल्या दोन नळ्या काढल्या, पिशवीत टाकल्या आणि बॉनेटखालचा तो नेटकेपणा समाधानाने न्याहाळला.

इंजिन सुरू झाले. पण एका लयीत चालेना. आवाज चढे, पडे, पुन्हा चढे. कुठूनतरी हवा शिरल्याचा बारीक सूत्कार ऐकू येत होता. मी लगेच कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवू लागलो. ही दुसरी चूक. दोष जिथे केला तिथे न पाहता, जिथे स्क्रू आहे तिथे माझा हात गेला.

पुढे वाचून समजले ते असे. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असताना पिस्टन हवा ओढतच राहतात. पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून झडपेच्या पलीकडचा दाब उतरतो. सुस्थितीतले इंजिन नुसते सुरू असताना, समुद्रसपाटीला, तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ४५० ते ५५० मिलिमीटर पाऱ्याइतका कमी असतो. पुण्याच्या उंचीवर हा फरक थोडा घटतो. शोकसभांतून आपण ‘पोकळी’ हा शब्द इतका वापरतो, की पोकळी काही काम करत असेल हे सुचतही नाही. इंजिनात ती ब्रेकला जोर देते, इंजिनाच्या पोटात साचणारे वायू ओढून घेते, ठिणगीची वेळ बदलते. मी नळ्यांची तोंडे उघडी सोडली होती. त्यांतून कार्ब्युरेटरने न मोजलेली हवा आत जात होती आणि मिश्रण पातळ होत होते.

मग मी त्या तोंडांवर रबरी टोप्या बसवल्या. इंजिन शांत झाले, आणि मी स्वतःला शाबासकी दिली. पण आठवडाभरात विचित्र अनुभव येऊ लागला. कात्रजच्या चढावर पेडल पूर्ण दाबले की गाडी पूर्वीसारखीच ओढत होती. सपाट रस्त्यावर, अर्ध्या पेडलला, मात्र रेंगाळत होती. पेट्रोल जास्त लागत होते. इंजिनाला तेलाचा वास येत होता.

अखेर गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी ‘काय होतंय?’ असे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, “सर, काय काढलंत?” मी पिशवी पुढे केली. त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या डबीला नळीचा तुकडा जोडला, दुसरे टोक तोंडात धरून हवा ओढली आणि जिभेने टोक बंद केले. आतली प्लेट सरकली व तशीच राहिली. म्हणजे पडदा शाबूत होता. हलक्या भारावर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते, सावकाश जळते. म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. ते काम ही नळी करत होती. पेडल पूर्ण दाबल्यावर पोकळीच उरत नाही, म्हणून चढावर तिची उणीव भासली नव्हती. दुसरी नळी इंजिनाच्या पोटातले वायू बाहेर काढणारी होती. ती वाट बंद झाल्याने तेल सांध्यांतून पाझरू लागले होते.

मिस्त्रींनी दोन्ही नळ्या नव्या घातल्या. मग टायमिंग पाहताना ठिणगीची तीच नळी त्यांनी पुन्हा काढली, तिचे तोंड बंद केले, आणि काम होताच परत बसवली. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावला तो सर्वांत शेवटी. काढणे त्यांनाही वर्ज्य नव्हते. पण काय काढतो आहोत हे त्यांना ठाऊक होते.

हे इथे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. त्याच उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीचा जात्यावरच्या ओव्यांवरचा लघुप्रबंध माझ्याकडे होता. तिची आजी ओवी म्हणता म्हणता थांबते, पीठ जाड पडतंय का विचारते, कोणा वहिनीची चौकशी करते. मुलीने हे सारे जसेच्या तसे उतरवले होते. मी त्यावर लाल रेघा मारल्या आणि समासात ‘विषयांतर’ असे लिहिले. सुधारलेली प्रत निर्दोष होती, आणि ती वाचताना मला कंटाळा आला. दोष मी तिच्या विवेचनात शोधत होतो.

गॅरेजमधून परतल्यावर मी तिला फोन केला व पहिला खर्डा मागितला. ती म्हणाली, “सर, तुम्ही खुणा केल्या होत्या ना, म्हणून रद्दीत घातला.”

तिने ती पाने आठवून पुन्हा लिहिली. पहिल्याइतकी ती भरली नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळले. ती काही बोलली नाही. माझ्या नळ्या निदान पिशवीत तरी होत्या. तेव्हापासून मी समासात ‘विषयांतर’ लिहीत नाही. ‘हे इथे काय करते?’ असे विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत रेघ मारत नाही.