पोहता न येणाऱ्यांचा समुद्र

परवा संध्याकाळी नातीचा फोन आला. ती शिकायला केपटाऊनला असते. म्हणाली, "आजी, उद्या मी शार्क बघायला समुद्रात उतरणार आहे. पिंजऱ्यात उभं राहून!" मी मेथी निवडत होते. जुडी हातातच राहिली.

"अगं, पण तुला पोहता कुठे येतं?"

"यायची गरजच नाही आजी!" आणि फोन बंद.

आमच्या पिंपळगाव राजापासून समुद्र पाचेकशे किलोमीटर. मुंबईच्या चौपाटीवर साडी जरा वर धरून उभी राहिले होते, तेवढीच माझी त्याच्याशी ओळख. शार्क म्हणजे कोकणातली मुशी, मालवणकडे तिला मोरी म्हणतात आणि तिचं झणझणीत कालवण करतात, हेही मला शाळेतल्या एका कोकणच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. नात बघायला गेली होती तो मात्र ग्रेट व्हाइट, माणसालाही चावू शकणारा.

रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसले. केपटाऊनहून दोनेक तासांवर गान्सबाय नावाचं गाव आहे. तिथून जवळच्या बेटांवर हजारो सील राहतात आणि त्यांच्या मागावर शार्क येतात. बोटीच्या कडेला लोखंडी पिंजरा बांधतात, त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर असतो. माशांचं रक्त-तेल पाण्यात सोडायचं, दोरीला मासा बांधून फिरवायचा. शार्क जवळ आला की बोटीवरचा माणूस ओरडतो, तसा श्वास रोखून डोकं पाण्याखाली घालायचं. खरंच, पोहायची गरज नाही.

वाचता वाचता हा पिंजरा आला कुठून तेही सापडलं. ऑस्ट्रेलियातले रॉडनी फॉक्स. १९६३ साली ॲडलेडजवळ मासे मारण्याच्या स्पर्धेत त्यांना ग्रेट व्हाइटने धरलं. साडेचारशेहून जास्त टाके पडले. पण काही महिन्यांत हे गृहस्थ पुन्हा पाण्यात! पुढे त्यांनी शार्क जवळून बघता यावा म्हणून पिंजरा तयार केला, आणि ज्याने चावलं त्याच्याच रक्षणासाठी आयुष्यभर बोलत राहिले.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

१९६२ च्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ मळ्यातल्या विहिरीत बुडाला. अकरा वर्षांचा होता. पाठीला रिकामा डबा बांधून शिकत होता, त्या दिवशी डब्याशिवाय उतरला. मी तेरा वर्षांची, काठावर उभी होते. ओरडण्याशिवाय मला काही करता आलं नाही. त्यानंतर आमच्या घरात पोहणं हा शब्दच कोणी काढला नाही. मी लग्न होऊन दुसऱ्या घरी आले, तरी भीती माझ्याबरोबर आली. मुलाला मी कधी विहिरीवर जाऊ दिलं नाही. तो मित्रांबरोबर चोरून जायचा, पण माझी शपथ मोडायची नाही म्हणून काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचा. हे त्याने मला लग्नानंतर सांगितलं, हसत हसत. मला तेव्हा हसू आलं नाही.

त्याला येत नाही म्हणून त्याने मुलीला शिकवलं नाही. एका दुपारची भीती तीन पिढ्या पुरली. मी वर्गात चाळीस मुलांना "घाबरू नका, चुकलं तरी चालेल" सांगत होते. घरी मात्र...

असो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ग्रेट व्हाइट दिसलाच नाही म्हणे! तांबूस रंगाचे दुसरे शार्क येऊन गेले. २०१७ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर मेलेले ग्रेट व्हाइट सापडू लागले, बऱ्याच जणांचं यकृत गायब. पाठीवरचे पर एक डावीकडे, एक उजवीकडे वाकलेल्या दोन ओर्कांचं ते काम. पोर्ट आणि स्टारबोर्ड अशी त्यांची नावं. तेव्हापासून ग्रेट व्हाइट तिथून पांगले. दक्षिण आफ्रिकेने १९९१ सालीच कायदा करून त्यांना माणसापासून संरक्षण दिलं, पण ओर्काला कोण कायदा सांगणार? म्हणजे ज्याला जग घाबरतं, तोही कुणाला तरी घाबरून गाव सोडतो. मला त्या माशाची दया आली, खरं सांगते.

"मग पैसे वाया गेले का गं?"

"नाही आजी. पाणी इतकं गार होतं की दात वाजत होते. पण डोकं खाली घातलं आणि भीती कमीच झाली. मला पिंजऱ्याच्या बाहेर यावंसं वाटलं. आता पोहायला शिकणार आहे."

रात्री मुलाचा फोन आला. आवाज जरा दबकाच. "आई, ती क्लासला नाव घालतेय. मीही इथे घालू म्हणतो. तू काय म्हणतेस?" एक्कावन्न वर्षांचा माणूस अजून माझी परवानगी मागतो. मला फार वाईट वाटलं.

म्हटलं, "घाल बाबा. दोघंही शिका. शपथ सुटली."

आणि मग राहवेना म्हणून म्हटलं, "पण शिकवणारा नीट बघून घे. आणि पाण्यातून बाहेर आलास की आधी मला फोन कर."