देहूचे नाव, लोहगावचा आवाज

पुण्याच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तसा ठरावही झाला. कारण सांगितले गेले ते असे की विमानतळ ज्या लोहगावात आहे ते तुकोबांचे आजोळ; माता कनकाई तिथल्या. कारण खोटे नाही. महीपतींनी लिहिलेल्या चरित्रात लोहगाव पुन:पुन्हा येते. तुकोबा तिथे कीर्तनाला जात, तिथल्या शिवबा कासाराला कीर्तनाचे वेड लागले आणि संतापलेल्या त्याच्या बायकोने तुकोबांच्या अंगावर कढत पाणी ओतले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. म्हणजे देहू आणि लोहगाव या दोन गावांमधली वाट पावणेचारशे वर्षांपूर्वी चांगलीच मळलेली होती.

देहूजवळच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. नामांतराची बातमी आली त्या आठवड्यात एम. ए.च्या वर्गात तिची चर्चा निघणे अपरिहार्य होते. बहुतेक मुलांना आनंद झाला, आणि तो मला समजू शकतो. बाहेरगावी गेल्यावर ‘पुण्याजवळ’ असा पत्ता सांगत मोठ्या झालेल्या या मुलांच्या गावाचा देव आता विमानाच्या तिकिटावर येणार होता. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, “मॅडम, पण महाराज तर शांततेसाठी डोंगरावर जायचे ना?” वर्ग हसला. मलाही हसू आले. ते ओसरल्यावर लक्षात आले की प्रश्न विनोदाचा नव्हता.

तुकोबांच्या एकांताचे भूगोलशास्त्र आपल्याला ठाऊक आहे: भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर, असे तीन डोंगर. गावातल्या व्यवहाराचा, दुष्काळाचा, घरातल्या मृत्यूंचा कल्लोळ मागे टाकून ते तिथे जात. झाडे आणि पाखरे यांनाच सोयरे मानण्याची जी भूमिका त्यांच्या अभंगांत येते, ती ग्रंथातून घेतलेली नाही. ती या टेकड्यांवर ऐकलेल्या स्वरांमधून आलेली आहे, असे मला नेहमी वाटते. आज हे तिन्ही डोंगर कानांनी पाहावेत. घोरावडेश्वराच्या लेण्यांत बसले की खालून जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि लोहमार्ग दोन्ही ऐकू येतात. भंडाऱ्याच्या पायथ्याने तळेगाव-चाकण रस्ता जातो आणि त्यावर कंटेनरची रांग क्वचितच तुटते. भामचंद्राच्या अंगाशी तर चाकणची औद्योगिक वसाहतच येऊन भिडली आहे. तिथल्या शिंदे-वासुली गावात डाऊ केमिकल या कंपनीचे संशोधन केंद्र उभे राहू लागले तेव्हा ग्रामस्थ आणि वारकरी रस्त्यावर उतरले. जुलै २००८ मध्ये बांधकामाची जाळपोळ झाली आणि २०१० मध्ये कंपनीने तिथून काढता पाय घेतला. जाळपोळीचे समर्थन कुणी करू नये. परंतु त्या लढ्यात डोंगर, नदी आणि साधनेची जागा यांविषयी जे बोलले गेले, ते आपल्या समीक्षेने फारसे कानावर घेतले नाही. तुकारामांवर इतके प्रबंध होतात. ‘तुकारामांचा परिसर’ या विषयावर काम करायला विद्यार्थी मिळत नाही. असो.

आवाजासाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. नाद, घोष, गजर, निनाद हे एका बाजूला. गोंगाट, गलका, कलकलाट, कोलाहल, घरघर, कर्कशपणा हे दुसऱ्या बाजूला. मध्ये ‘ध्वनी’ हा तटस्थ शब्द, आणि शासनाने त्याला प्रदूषण जोडून केलेला समास. वारकरी परंपरा पहिल्या बाजूची आहे आणि ती काही अबोल परंपरा नव्हे. टाळ, मृदंग, वीणा आणि शेकडो कंठ एकत्र आले म्हणजे जो आवाज होतो तो मोजायला गेल्यास ‘मर्यादेत’ बसेल असे नाही. मग गजर आणि गोंगाट यांत फरक कोणता? मला सुचलेले उत्तर साधे आहे. गजरात ऐकणारा आणि आवाज करणारा एकच असतो; दिंडीतला माणूस स्वत:च्याच टाळाने बहिरा होतो. गोंगाट दुसऱ्याचा असतो, आणि त्यात आपला वाटा फक्त सोसण्याचा.

या कसोटीवर आपले देहूही नेहमी उतरत नाही, हेही सांगितले पाहिजे. बीजेच्या दिवशी किंवा पालखी-प्रस्थानाच्या वेळी मंदिराच्या प्रांगणात जे घडते तो गजर. पण त्याच दिवशी रस्त्याच्या दुतर्फा स्वागतकमानींखाली जे ध्वनिवर्धक लागतात, ज्यांवर नेत्यांची नावे अभंगांपेक्षा अधिक वेळा घेतली जातात, त्यांना कोणता शब्द लावायचा? वीणेकऱ्याने त्या भिंतींसमोरून जाताना वीणा नुसती हाती धरायची असते, वाजवून उपयोग नसतो.

विमानाचा आवाज या दोन्हींहून वेगळा आहे, कारण तो वरून येतो आणि त्याचा धनी दिसत नाही. देहूकर या बाबतीत दूरचे श्रोते. खरे श्रोते म्हणजे लोहगाव, धानोरी, कळस, विश्रांतवाडी, विमाननगर या भागांतले लोक. लोहगावचा तळ १९३९ मधला, ब्रिटिश हवाईदलाचा. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय वायुदलाकडे आला; सुखोई-३० जातीची विमाने १९९७ साली भारतात प्रथम दाखल झाली ती इथेच. प्रवासी विमानतळ हा या तळाच्या कडेला राहणारा भाडेकरू आहे. धावपट्टी वायुदलाची, हवाई वाहतुकीचे नियंत्रणही त्यांचेच. तळ झाला तेव्हा भोवताली माळ आणि ज्वारी-बाजरीची रानेच अधिक होती. शहर नंतर चालत आले. तेव्हा ‘तुम्हाला ठाऊक असून घर का घेतलेत?’ हा प्रश्न वायुदलाच्या बाजूने कुणी विचारला तर तो अगदीच गैरवाजवी नाही. फक्त तो प्रश्न घर घेणाऱ्याला विचारण्याआधी ज्याने घर विकले त्याला आणि ज्याने बांधकाम-परवाना दिला त्याला विचारला पाहिजे. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’ हे वाक्य ठळक अक्षरात असते. दहा मिनिटांवर आणखी काय ऐकू येते, याविषयी त्या मूक असतात.

माझी एक सहकारी प्राध्यापिका त्या भागात राहते. मुलाच्या दहावीच्या वर्षी ती तक्रारीचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली. तिथून तिला दुसऱ्या कार्यालयात पाठवण्यात आले आणि तिथून तिसऱ्या. तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, सौजन्याने चहा दिला आणि विचारले, “बाई, विमान थांबवायचं कुणी?” तिने त्याच महिन्यात गॅलरीला काचा बसवून घेतल्या. ही गोष्ट ती हसत सांगते. पण तिसऱ्या गृहस्थांचा प्रश्न मला आपल्या नागरी जीवनाचा सारांश वाटत आला आहे.

कारण खरोखरच, कुणी? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. अंमलबजावणीचा अधिकार जिल्हाधिकारी आणि पोलीस यांच्याकडे. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतात. आमच्याही महाविद्यालयाच्या फाटकावर तशी पाटी आहे. शंभर मीटर जमिनीवरून मोजायचे असल्यामुळे आकाशाला ती दिसत नाही. पुढे २०१८ मध्ये केंद्राने विमानतळांच्या परिसरासाठी निराळी मर्यादा ठरवली. गर्दीच्या विमानतळांभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५. डेसिबलचे माप सरळ चढत नाही. दहा अंक वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे त्याच नागरिकाचे घर एका नियमाने निवासी आणि दुसऱ्या नियमाने जवळजवळ कारखान्याच्या शेजारचे ठरते.

महापालिकांच्या हाती यातले काय असते? दरवर्षी पर्यावरण-सद्य:स्थितीचा अहवाल काढणे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. मी हे अहवाल चाळले आहेत (मराठीच्या माणसाने असले वाचन अधूनमधून करावे, गद्याची एक निराळी शैली कळते). त्यांत चौकाचौकांतील आवाजाचे तक्ते असतात, आणि ते सरासरीत असतात. सरासरी दिवसभराच्या आवाजाची बेरीज सांगते, ते तिचे कामच आहे. पण वर्गात कवितेची ओळ वाचताना नेमका कोणता शब्द बुडाला, हे ती सांगू शकत नाही.

यापेक्षा मोठे शस्त्र महापालिकेकडे असते ते विकास आराखड्याचे. जमिनीचा वापर कसा व्हावा हे तो ठरवतो. आमच्या भागात सैन्याच्या नावाने नकाशावर ओढलेल्या रेषेची ताकद सर्वांना माहीत आहे. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचे जे वर्तुळ आहे, ज्याला सगळे ‘रेड झोन’ म्हणतात, त्याने तळवडे-निगडीकडच्या हजारो कुटुंबांचे आयुष्य टांगणीला लावले. घर आहे पण नियमित होत नाही, जमीन आहे पण तिच्यावर कर्ज मिळत नाही. स्फोटाच्या शक्यतेसाठी रेषा आहे. विमानांना अडथळा होऊ नये म्हणून इमारतींच्या उंचीवरही बंधन आहे. म्हणजे विमानाला माणसाच्या घराचा त्रास होऊ नये याची रेषा आखता येते. उलट दिशेची रेषा, म्हणजे इथून पुढे झोपेच्या खोलीला दुहेरी काच हवी, इथे शाळेला परवानगी नाही, खरेदीखतात आवाजाचा उल्लेख हवा, अशी रेषा आखायला महापालिकेला दिल्लीच्या परवानगीची वाट कशाला पाहायला हवी? बांधकामाचे नियम तर राज्याचे आणि पालिकेचेच आहेत.

लोकांच्या बाजूने हे मांडायला सभागृह लागते. पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आणि देहूला तर नगरपंचायतच अलीकडची. तिच्या पहिल्या निवडणुकीचा निकाल जानेवारी २०२२ चा.

हे हतबलपण केवळ आपले नाही. अमेरिकेतील बर्बँक या शहराने रात्री अकरा ते सकाळी सात जेट विमानांच्या उड्डाणाला बंदी घातली होती. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, पाच विरुद्ध चार मतांनी. आकाश केंद्राचे, नगराचे नव्हे. लंडनच्या हीथ्रोजवळच्या रहिवाशांनी रात्रीच्या उड्डाणांविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली. २००१ मध्ये ते जिंकले, २००३ मध्ये मोठ्या पीठापुढे मुख्य मुद्द्यावर हरले. पण एक गोष्ट त्या पीठानेही मान्य केली: आपले गाऱ्हाणे नीट तपासले जाईल असा परिणामकारक मार्ग या लोकांना त्यांच्या देशात उपलब्ध नव्हता. माझ्या सहकारी मैत्रिणीच्या तीन कार्यालयांची आठवण मला हे वाचताना झाली.

धावपट्टीच्या डागडुजीसाठी ऑक्टोबर २०२० पासून वर्षभराहून अधिक काळ लोहगावहून रात्रीची प्रवासी उड्डाणे बंद होती, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत प्रवासी वाहतूक पूर्णच थांबली. मैत्रीण सांगते, त्या पंधरवड्यात सासूबाई पहाटे उठून गॅलरीची काच सरकवून बसायच्या. काय ऐकता, असे विचारल्यावर म्हणाल्या, “काही नाही. तेच ऐकतेय.” पुढे जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. ते देखणे आहे, आणि माझ्यासह आपण सगळे त्यातून जातो. मुलगा परदेशी शिकायला गेलेल्या आईबापांना तर ते देवळाइतकेच ओळखीचे झाले आहे. विमान नको असे म्हणण्याचा अधिकार आपल्यातल्या फार थोड्यांना उरला आहे.

म्हणूनच हा आवाज कुणाच्या तरी डोक्यावरून दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर सरकवला जातो. नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ आधी आमच्याच बाजूला, चाकण-खेड परिसरात व्हायचा होता. जागा बदलत गेल्या, शेतकऱ्यांचा विरोध चालू राहिला, आणि २०१६ मध्ये तो पुरंदरला नेण्याचे जाहीर झाले. इकडच्या गावांनी सुटकेचा श्वास घेतला. इकडच्या उद्योजकांनी हळहळ व्यक्त केली. पुरंदरच्या सात गावांत (पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी) मात्र तेव्हापासून झोप उडाली आहे. मे २०२५ मध्ये जमिनीच्या पाहणीसाठी ड्रोन आले तेव्हा गावकरी शेतात उभे राहिले आणि पोलिसांचा लाठीमार झाला. विमानाआधी तिथे ड्रोनची घरघर पोचली होती. खानवडीचे महात्मा फुल्यांच्या घराण्याशी असलेले नाते आपल्या वाचकांना सांगायला नको.

वर्गातल्या त्या मुलीने या वर्षी लघुप्रबंधासाठी विषय मागितला, तेव्हा मी तिला लोहगावात पाठवले. जुन्या गावठाणातल्या बायाबापड्यांकडून आवाजाचे शब्द गोळा कर, एवढेच सांगितले. तिने वहीत दोन रकाने केले आहेत, विमान येण्याआधीचे आणि नंतरचे. पहिल्या रकान्यात मोटेची कुई, जात्याची घरघर, काकड्याची घंटा. दुसऱ्यात, एका आजींच्या तोंडचे, एकच: “ते वरचं.” आजींनी तिला विचारले, तू कुठली गं? देहूची म्हटल्यावर तिला बसवून घेतले आणि म्हणाल्या, आमच्या भाच्याच्या गावची आहेस, जेवल्याशिवाय जाऊ नकोस. मध्येच एक विमान गेले. ते पुरते जाईपर्यंत आजी हात वर करून थांबल्या, आणि मग अर्धे राहिलेले वाक्य तिथूनच पुढे चालू केले, असे तिने टिपणात लिहिले आहे.