आवळलेला स्ट्राइक झोन

आजच्या सॉफ्टबॉल सामन्यात पंचांनी स्ट्राइक झोन असा काही आवळला की कडेचा एकही चेंडू त्यांना पटेना. प्लेट १७ इंच रुंद. चेंडू तिच्या कडेवरून चाटून गेला तरी नियमाने स्ट्राइक. पण नियम पुस्तकात, निर्णय मास्कमागच्या माणसाचा. आमची पिचर प्रत्येक ‘बॉल’वर त्यांच्याकडे रोखून बघायची. वैतागलं की हात आखडतो, चेंडू आणखी भरकटतो आणि बघता बघता बेस भरतात.

कॅचरला म्हटलं, "राइझ बॉल ठेव बाजूला, झोन एवढा आवळल्यावर त्या उंच जाणाऱ्या चेंडूला कुणी बॅट लावणार नाही." मग ड्रॉप सुरू झाला. मांडीच्या उंचीवर येतोय असं वाटेपर्यंत प्लेटपाशी गुडघ्याला बुडणारा. तो लागला तरी बहुधा जमिनीवरूनच जातो. मध्येच चेंज-अप: हात तोच, वेग मेलेला. ४३ फुटांवरून बॅटरला विचाराला सवड कुठली!

सगळ्यांना एकटीनेच बाद करायचं, हा पिचर मंडळींचा जुना हट्ट. बाकीच्या आठजणी काय शोभेला उभ्या असतात? शेवटच्या इनिंगला तिने पहिलाच चेंडू खाली, पण सरळ प्लेटवर टाकला. फटका सरपटत सेकंड बेसवालीकडे, तिथून फर्स्टला. आउट!