जून झालेलं वडस

आबांच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, साबुदाण्याएवढा फुगवटा आला तेव्हा मी सातवीत होतो. साल 1978. चुलीपुढं चहा देताना तो आजीला दिसला. "आवं, वडस आलंय तुमच्या डोळ्यात," ती म्हणाली आणि विषय संपला. उन्हाधुळीत राबणाऱ्याच्या डोळ्यावर नाकाकडून मांसाचा पडदा चढायचाच. गावात कितीतरी जणांना होता. आजी रोज रात्री मधाचं बोट फिरवायची.

दीड वर्षानं शाळेत नेत्रशिबिर भरलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग जिल्ह्याच्या गावी फुगवटा कापला, तुकडा बाटलीत घालून मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, तोवर जखम भरलीही होती. पण कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी राहिल्या असाव्यात. गाठ पुन्हा आली, पुन्हा कापली. तिसऱ्यांदा ती आत शिरली होती. शेवटी डोळाच काढावा लागला.

आबांनी तक्रार केली नाही. फक्त गाडी जुंपताना बैलांची जागा बदलली. अवखळ खोंड आजवर डावीकडं असायचा, तो उजवीकडं आला. शहाणा बैल डावीकडं गेला. त्याच्यावर नजर ठेवायची गरज नव्हती.

मागच्या वर्षी लेकीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, डोळ्यात काय आहे ते?" मी म्हणालो, "वडस असेल." तीस वर्षं मोजणीदार म्हणून बांधाबांधांवरून उन्हात फिरलो, त्यामुळं खात्रीनंच म्हणालो. आठ महिने तसेच गेले. पुढं लेकीनंच ओढून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला. फुगवट्यानं तो रंग धरला. मग यंत्रापुढं हनुवटी टेकवली आणि काही मिनिटांत डोळ्याच्या पृष्ठभागाचा उभा छेद पडद्यावर आला, सुरीशिवाय. निरोगी त्वचेची बारीक रेघ सरळ येत होती आणि एका जागी पायरी चढावी तशी अचानक जाड, पांढरी झाली होती. "वडसात ही रेघ बारीकच राहते," त्या म्हणाल्या. पांढरं आणि काळं जिथं मिळतं, त्या काठावर पेशी सतत नव्या होत असतात. वर्षानुवर्षांचं ऊन तिथंच बिघाड करतं. एचआयव्हीची तपासणीही सांगितली. प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांत हा रोग तरुण वयात दिसतो, म्हणून.

मी विचारलं, "कधी कापायचं?" त्या म्हणाल्या, "आधी थेंब घालून बघू." फ्लुरोयुरॅसिलचे थेंब, दिवसातून चार वेळा, आठवडाभर, मग तीन आठवडे सुट्टी. डोळा चुरचुरायचा, पापण्या लाल व्हायच्या. बायको थेंब घालून नाकाजवळचा कोपरा दाबून धरायची, औषध घशात उतरू नये म्हणून. चौथ्या फेरीनंतर पडद्यावरची पायरी सपाट झाली.

मोठी गाठ आजही कापतात, पण रीत बदलली. फिलाडेल्फियाच्या शील्ड्स दांपत्यानं 1997 साली मांडलेल्या पद्धतीत गाठीला हत्यार लावतच नाहीत. भोवतीची चार मिलिमीटर निरोगी त्वचा धरून ती उचलतात, कडा दोनदा गोठवतात. उघड्या जागेवर बाळाच्या वारेचा पातळ पापुद्रा ठिगळासारखा बसवता येतो.

परवा बाटलीवरचं नाव वाचून कुतूहल वाटलं, म्हणून शोधलं. हे औषध 1957 चं. आबांचा डोळा काढला तेव्हा ते जगात वीसेक वर्षं होतं, दुसऱ्या कर्करोगांवर वापरलंही जात होतं. डोळ्यातल्या या गाठीवर असले थेंब घालायची वाट नव्वदच्या दशकात रुळली. आबांच्या डोळ्याला तेवढी फुरसत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घरात कुणाला डोळ्याचा कर्करोग होता का?" मी पटकन 'नाही' म्हणालो. हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारलाच गेला नव्हता. आबांना कुणी विचारलंच, तर ते एवढंच सांगायचे, "वडस हुतं. काढायला उशीर झाला, जून झालं."